महिला दिनाची जबाबदारी तुमच्यावर आली आहे? आधी नोंदी, मग फुलं

फेब्रुवारी उजाडला की ऑफिसात कुणीतरी येऊन सांगतं, "यंदाचा महिला दिन तुम्ही बघा." सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुलं, केक, एक पाहुणी वक्ती आणि शेवटी ग्रुप फोटो असतो. जाता जाता तो आणखी एक वाक्य टाकतो, "आणि हो, समानतेचंही काहीतरी करा." फुलं कुठून आणायची हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते त्या 'काहीतरी'पाशी, आणि हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझ्या मते कौतुक आणि समानता ही दोन वेगळी खाती नाहीतच. एखाद्या बाईचं कौतुक नेमक्या शब्दांत करायचं तर तिने काय केलं हे आधी शोधावं लागतं. शोधायला लागलं की कुणाचं काम कुणाच्या नावावर जमा झालं, बढतीच्या वेळी कोण मागे राहिलं, हेही बाहेर येतं. म्हणून या कामाची सुरुवात नोंदींनी करायची.

थोडा इतिहास हाताशी असू द्या, वाद घालताना उपयोगी पडतो. १९१० साली कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची परिषद भरली, तिथे जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी असा दिवस पाळण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी १९ मार्चला ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मोर्चे आणि सभा झाल्या. मागण्या होत्या मतदानाच्या, कामाच्या आणि व्यवसाय-शिक्षणाच्या हक्काच्या, नोकरीतला भेदभाव थांबवण्याच्या. ८ मार्च ही तारीख रूढ झाली ती १९१७ साली रशियातल्या पेट्रोग्राडमधल्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी पुकारलेल्या संपामुळे. संयुक्त राष्ट्रसंघ हा दिवस १९७५ पासून पाळू लागला. तेव्हा "आनंदाच्या दिवशी पगाराचा विषय कशाला?" असं कुणी म्हणालं, तर हा दिवस मुळात कुठून आला ते सांगता येईल.

हो म्हणण्याआधी काय मागून घ्यायचं

तीन गोष्टी: कामाच्या वेळेतले काही तास, थोडाफार खर्च, आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या एका वरिष्ठाचं नाव. तिन्ही ईमेलवर लेखी घ्या. समितीत निम्मे पुरुष हवेत, आणि नुसते नावापुरते नकोत. बायकांच्या सत्काराची तयारी बायकांनीच जेवणाच्या सुट्टीत उरकायची, हा प्रकार इतका सरसकट चालतो की त्यातली गंमत कुणाला जाणवतही नाही.

हे काम तुमच्या अप्रेझलमध्ये धरलं जाईल का, हेही विचारा. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांचे काही प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन-तीन जणांचे गट केले. स्क्रीनवर एक बटण, वेळ दोन मिनिटं. कुणीच दाबलं नाही तर तिघांचंही नुकसान, एकाने दाबलं तर बाकी दोघांचा फायदा जास्त आणि दाबणाऱ्याचा कमी. मिश्र गटांत बटण दाबायला बायका जास्त वेळा पुढे आल्या. फक्त पुरुषांचा गट केला तेव्हा मात्र पुरुषांनीही तेवढ्याच तत्परतेने ते दाबलं. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नव्हता; 'ती करेलच' या अपेक्षेचा होता. एखाद्याला हे काम सांगायचं झालं तर ते कुणाला सांगितलं जातं, हेही त्यांनी तपासलं. तिथेही बाईलाच जास्त वेळा सांगितलं गेलं. कार्यक्रमांची आखणी, वाढदिवसांची वर्गणी, नव्या माणसाला ऑफिस दाखवणं ही सगळी याच जातीची कामं. ऑफिसला ती हवी असतात, पण करणाऱ्याला त्यातून बढती मिळत नाही. महिला दिनाची तयारीही त्यातच मोडते, म्हणून आधीच विचारून घ्या.

नोंदी गोळा करणं

निदान महिनाभर आधी सुरुवात करा. "तुमची वर्षभरातली कामगिरी लिहून पाठवा," असा ईमेल सगळ्यांना टाकला तर उत्तरं थोडी येतात, आणि जी येतात ती बोलक्या माणसांची. त्यापेक्षा प्रत्येकीशी पंधरा-वीस मिनिटं बसून बोला. हे प्रश्न चालतात:

तुम्ही या कामाला हात लावण्याआधी काय अडलं होतं? तुम्ही नेमकं काय बदललं? ते काम आता तुमच्याशिवाय चालतं का, आणि कशामुळे? याबद्दल मी आणखी कुणाला विचारू?

पहिलं उत्तर बहुतेक वेळा येईल, "अहो, सगळ्या टीमने केलं." ते खरंही असेल, पण तिथे थांबू नका. "टीममध्ये तुमच्या वाट्याला काय होतं?" हा पुढचा प्रश्न विचाराच. अर्थतज्ज्ञ हेदर सार्सन्स यांनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना कायम नेमणूक कशी मिळते याचा अभ्यास केला. एकटीने लिहिलेल्या लेखाचं श्रेय बाईला पुरुषाइतकंच मिळत होतं. पुरुषांबरोबर मिळून लिहिलेल्या लेखाचं मात्र तिला कमी मिळत होतं. एकत्र केलेल्या कामात कुणाचा वाटा कोणता हे लिहिलेलं नसेल, तर वाचणारा ती जागा आपल्या अंदाजाने भरतो.

आता हाताशी आलेला मजकूर कसा वापरायचा ते पाहू. हिशेब विभागातल्या एखाद्या कर्मचारी बाईंचं मानपत्र साधारण असं असतं:

"सदैव हसतमुख, मनमिळाऊ, घर आणि ऑफिस या दोन्ही आघाड्या लीलया सांभाळणाऱ्या आमच्या लाडक्या ताई."

त्याच बाईंशी वीस मिनिटं बोलल्यावर ते असं होऊ शकतं:

"काही पुरवठादारांची बिलं दोनदा चुकती होत होती. जुन्या वहीतले बिल क्रमांक आणि नव्या सॉफ्टवेअरमधले क्रमांक जुळत नाहीत हे यांच्या लक्षात आलं. मागच्या तीन वर्षांच्या नोंदी त्यांनी पडताळल्या आणि जास्तीची गेलेली रक्कम परत मागवली. बिल चुकतं करण्याआधी आता जी तपासणी होते, ती त्यांनी बसवलेली आहे."

पहिलं मानपत्र कुणालाही चिकटवता येतं. दुसरं वाचलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, "मग या अजून त्याच ग्रेडमध्ये कशा?" हा प्रश्न यायलाच हवा. तो येत असेल तर मानपत्र जमलं असं समजा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या वैयक्तिक फाइलमध्ये लागेल एवढं बघा. टाळ्यांचा आवाज अप्रेझलपर्यंत पोचत नाही, कागद पोचतो.

फोटोंचंही तेच. एनिॲक हा सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. १९४६ साली त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. त्यावर चाललेल्या गणिताचा प्रोग्रॅम रचणाऱ्या बायकाच होत्या, पण नंतरच्या मेजवानीचं निमंत्रण त्यांना नव्हतं. फोटोंत त्या दिसत, खाली नावं मात्र नसत. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने या कोण असं विचारलं, तेव्हा यंत्र खुलून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील, असं उत्तर तिला मिळालं. तुमच्या ग्रुप फोटोखाली प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि काम लिहा. 'आमची नारीशक्ती' या ओळीवरून दहा वर्षांनी कुणालाच काही कळणार नाही.

यादीत कोण राहून गेलं

पहिली यादी तयार झाली की ती बाजूला ठेवा आणि हजेरीपट घ्या. रात्रपाळीच्या, कंत्राटी, साफसफाईच्या, घरून काम करणाऱ्या, गोदामातल्या, सध्या बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बायका यादीत आहेत का? बहुतेक नसतात, कारण यादी करणाऱ्याच्या टेबलाजवळ त्या बसत नाहीत. कार्यक्रम दुपारी ठेवला तर रात्रपाळीवाल्यांनी झोपमोड करून यायचं का, हेही तेव्हाच ठरवून टाका.

आणि प्रत्येकीला विचारा, जाहीर सत्कार हवा आहे का. काहींना स्टेजवर जायला खरोखर आवडत नाही. अशांसाठी त्यांच्या वरिष्ठांना पाठवलेलं दोन परिच्छेदांचं पत्र जास्त कामाचं.

भाषा तपासायची एक सोपी युक्ती

लिहिलेल्या मजकुरात बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून मोठ्याने वाचा. "दोन मुलांचा सांभाळ करून श्री. अमुक यांनी विक्री विभाग उत्तम चालवला." हसू आलं, तर ते वाक्य काढा. 'स्त्री असूनही', 'पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून', 'नाजूक हातांनी' वगैरेंना हीच कसोटी लावली की मजकूर झपाट्याने लहान होतो. उरतं ते काम. अप्रेझलच्या शेऱ्यांनाही ही युक्ती लावून पाहा. 'आक्रमक', 'भावनिक', 'जरा जास्तच बोलतात' हे शब्द कुणाच्या फॉर्मवर आहेत ते मोजण्यासारखं असतं.

प्रत्यक्ष कार्यक्रम

यावर फार शक्ती घालवू नका. कामाच्या वेळेत ठेवा, तासाभरात आटपा. सौंदर्य, वेशभूषा, पाककला यांच्या स्पर्धा नकोत. पाहुणी बोलावलीच, तर तिला तिच्या कामावर बोलू द्या. अभियंता असेल तर पुलावर बोलेल, 'स्त्रीची सहनशक्ती' या विषयावर तिच्याकडून भाषण कशाला? मानपत्र तिच्या थेट वरिष्ठाने वाचावं, कारण मग त्याला ते आधी वाचावं लागतं. खुर्च्या लावायला आणि नंतर आवरायला कोण आहे, यावर जरा नजर असू द्या.

९ मार्चचं काम: मोजणी

इथून पुढचं काम खरं, आणि ते फारसं कुणी मागत नाही. एचआरकडून नावं काढून टाकलेला तक्ता मागा: ग्रेड, स्त्री की पुरुष, मूळ पगार, बोनस, शेवटची बढती कधी. नकार मिळाला तर निदान ग्रेडनुसार संख्या मागा, त्यातूनही पुष्कळ कळतं. एका रकान्यात चार-पाचपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचे आकडे जाहीर करू नका, कुणाचा पगार किती हे लगेच ओळखू येतं.

सरासरी काढताना एक गफलत हमखास होते. समजा, ५० जणांची कंपनी आहे. खालच्या ग्रेडमध्ये ३० बायका आणि १० पुरुष, प्रत्येकाला १०० एकक पगार. वरच्या ग्रेडमध्ये २ बायका आणि ८ पुरुष, प्रत्येकाला २००. एकाच पदावर कुणालाही कमी-जास्त मिळत नाही. तरी बायकांची सरासरी निघते सुमारे १०६ आणि पुरुषांची सुमारे १४४, म्हणजे साधारण २६ टक्क्यांची तफावत. मॅनेजर म्हणेल, "आमच्याकडे समान कामाला समान पगार आहे." ते बरोबर आहे. तुम्ही म्हणाल, "२६ टक्के फरक आहे." तेही बरोबर आहे. फक्त या कंपनीचा आजार पगारपत्रकात नाही, बढतीत आहे. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा: एकाच ग्रेडमधला फरक वेगळा, सगळ्यांचा मिळून वेगळा. एकाच ग्रेडमध्ये फरक सापडला तर पगार दुरुस्त करायचा, एकूणात सापडला तर वर जायची वाट कुठे अडते ते शोधायचं. आयता नमुना हवा असेल तर ब्रिटनचे अहवाल वाचा. तिथे २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना २०१७ पासून सगळ्यांचा मिळून फरक किती, ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. आइसलँड त्याच्याही पुढे गेला. तिथे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने पगार समान आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांवरच टाकली.

आता ग्रेड मुळात बरोबर लावलेली आहे का? हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या कराराने 'समान मूल्याच्या कामाला समान वेतन' असं तत्त्व मांडलं. काम हुबेहूब तेच असायला हवं असं नाही, त्याचं मोल सारखं असलं तरी पुरे. १९६८ साली इंग्लंडमधल्या डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका संपावर गेल्या. त्यांच्या शिलाईला कमी कौशल्याचं काम ठरवून खालची ग्रेड दिलेली होती. संपाने कारखाना ठप्प झाला, आणि १९७० चा समान वेतन कायदा येण्यामागे या संपाचा मोठा हात होता. पण ज्या ग्रेडसाठी त्या भांडल्या, ती त्यांना मिळाली १९८४ मध्ये, पुन्हा एकदा संप केल्यावर. तुमच्या ऑफिसात कोणत्या कामाला 'नुसतं' हा शब्द लागतो ते ऐका. नुसतं समन्वयाचं, नुसतं डेटा भरायचं, नुसतं रिसेप्शनचं. तिथे कौशल्य किती, जबाबदारी किती, चूक झाली तर नुकसान किती, हे कागदावर उतरवा आणि त्याच पगाराच्या दुसऱ्या पदाशी ताडून बघा.

सुरुवातीला कुठे हात घालायचा

मोजणीत जे सर्वांत ठळक दिसेल ते घ्या, एका वर्षी एकच. बहुतेक ठिकाणी पुढच्यापैकी काहीतरी निघतं.

मीटिंग: मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, कोण लिहितं याची महिनाभर नोंद ठेवा, मग पाळीपाळीने लावून द्या. एकीची कल्पना दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आली, की अध्यक्षाने शांतपणे म्हणायचं, "हे मघाशी यांनी मांडलं होतं, त्यांच्याकडूनच पुढचं ऐकू." एवढं वाक्य पुरतं, त्यासाठी धोरण वगैरे नको.

नेमणूक: सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गुण प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे, चर्चा नंतर. लग्न आणि मुलं हे विषय काढायचेच नाहीत, गप्पांच्या ओघातही नाहीत.

बढती: "इच्छुकांनी अर्ज करावेत," या पद्धतीत आपली बाजू जोरात मांडणारे पुढे जातात. त्याऐवजी पात्र असलेल्या सगळ्यांची नावं आपोआप यादीत येऊ द्या; ज्यांना नको त्यांनी नाव काढून घ्यावं. निकष काय आणि निर्णय कधी, हे आधी जाहीर असावं.

रजा: इथे जरा थांबायला हवं. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या अभ्यासातून दिसतं की श्रीमंत देशांत आज उरलेली कमाईतली तफावत बरीचशी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमधली आहे, आणि ती मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते. म्हणजे रजा देऊन विषय संपत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा सांगितली आहे, पण खरी परीक्षा पंधराव्या आठवड्यात सुरू होते. रजेवर जाण्याआधी एक पानाचा कागद करा: तिची कोणती कामं कुणाकडे जातील, त्यातली कोणती तिच्याकडे परत येतील, रजेच्या काळातलं अप्रेझल कसं धरणार. परत आल्यावर सहा महिन्यांनी तो कागद काढा. मोठा ग्राहक 'तिला त्रास नको' म्हणून कायमचा दुसऱ्याकडे गेला असेल तर तिथेच दिसेल. आणि बाप झालेल्या पुरुषांनी रजा घेतली का, तेही मोजा. साहेबाने स्वतः घेतली तर बाकीच्यांची भीड चेपते.

तक्रार: कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ साली मंजूर झाला. कामासाठीचा प्रवास, ऑफिसच्या पार्ट्या, कामाचे मेसेज हे सगळं त्यात येतं, आणि प्रशिक्षणार्थी, नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवार यांनाही तो लागू होतो. तुमच्या देशातला कायदा काय सांगतो ते वकिलाकडून समजून घ्या. तुमचं काम वेगळं आहे. ऑफिसातल्या कोणत्याही नव्या मुलीला गाठून विचारा, "तक्रार करायची झाली तर कुणाकडे जाशील?" तिला नाव सांगता आलं नाही, तर धोरण कितीही सुंदर छापलेलं असो, ते भिंतीवरच आहे.

जे हमखास ऐकावं लागेल

"मग पुरुष दिन कधी?" १९ नोव्हेंबरला. तारीख सांगा आणि त्या दिवशी वडिलांच्या रजेवर कार्यक्रम करा, दोन्ही कामं होतात.

"आम्ही फक्त गुणवत्ता बघतो." उत्तम. मग गुणवत्तेचे निकष लेखी द्या, एवढंच मागा.

"आमच्या बायकांची काही तक्रारच नाही." याला आकड्यांशिवाय उत्तर देऊ नका, वाद वाढतो. गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची यादी काढा आणि त्यात बायका किती, कोणत्या ग्रेडच्या, किती वर्षांनी गेल्या ते मांडा. तक्रार न करता लोक निघून जातात, हे त्या यादीत बघायला मिळतं.

काही बायकाही म्हणतील, "मला बाई म्हणून वेगळं कौतुक नको." त्यांचं म्हणणं मान्य करा. त्यांच्या कामाची नोंद मात्र फाइलला लावा.

सप्टेंबरच्या आसपास तोच तक्ता पुन्हा भरा, कारण बऱ्याच ठिकाणी पगारवाढीचे निर्णय त्यानंतर होतात आणि आकडे त्याआधी टेबलावर हवेत. पुढच्या फेब्रुवारीत जबाबदारी सोपवताना मानपत्रांची फाइल, दोन्ही तक्ते, मिनिट्सची पाळी आणि वरिष्ठाचा तो पहिला ईमेल एकत्र द्या. शक्यतो एखाद्या पुरुषाकडे द्या. नोंदी नीट असतील तर त्यालाही जमेल.